बुटाची लेस आणि चपलेची नाडी

प्रश्न: "व्हॅन गॉगचं जुन्या बुटांचं चित्र मोबाइलवर पाहिलं आणि त्यावर कविता लिहिली. आमच्या गावच्या काव्यकट्ट्यावर वाचली, तर एक ज्येष्ठ कवी म्हणाले, 'ही उसनी कविता. तो बूट आपल्या मातीतला नाही.' दुसऱ्याच्या चित्रावरून, परक्या भाषेतल्या कवितेवरून लिहिणं ही उसनवारी आहे का? मोठे कवी हे कसं करतात? सोबत माझी सोळा ओळींची कविता जोडली आहे."

कविता दोनदा वाचली. तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं चौदा ओळींपुरतं बरोबर आहे. त्या चौदा ओळींत तुम्ही बूट सांगितलाय: वाकलेलं चामडं, सुटलेली लेस, मागचा पिवळसर प्रकाश. हे सगळं चित्रात आहेच, आणि तिथे ते तुमच्यापेक्षा चांगलं आहे. मग शेवटच्या दोन ओळी येतात. न विचारता इथे देते, रागावू नका:

बाबांच्या चपलेला नाडी नव्हती.
सोडायला काही नव्हतं.

तुमची कविता पंधराव्या ओळीला सुरू होते. त्याआधी तुम्ही चित्राशी जुळवून घेत होता. पंधराव्या ओळीत चित्र तुम्हाला बसेनासं झालं. बुटाला लेस असते, घरी येऊन माणूस ती सोडतो, म्हणजे त्याचा दिवस कुठेतरी संपतो. तुमच्या बाबांच्या पायात चप्पल होती, तिला सोडण्यासारखं काही नाही, म्हणून तो दिवस संपलाच नाही. व्हॅन गॉगने हे सांगितलेलं नाही, त्याला सांगता आलंही नसतं. पण त्याचा बूट समोर नसता तर चपलेला नाडी नसते हे तुमच्याही कधी लक्षात आलं नसतं.

मी तीसेक वर्षं कविता लिहितेय, अनुवाद करतेय, आणि शिबिरांतून दुसऱ्यांच्या कवितांवर पेन्सिल चालवतेय. एवढ्या वर्षांत मला या बाबतीत एकच गोष्ट खात्रीने कळलीय. दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घातला की काखेत, खांद्यात, कुठेतरी तो काचतो. परकी कलाकृतीही अशीच काचते. जिथे काचते तिथे आपली कविता असते. जिथे ती अगदी मापात बसते तिथे फार तर चित्राखालची फोटोओळ तयार होते.

बुटांचं ते चित्र १८८६चं, पॅरिसमधलं. त्या बुटांवरून मोठमोठे विद्वान भांडलेत. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने ते एका शेतकरी बाईचे बूट मानले आणि त्यांतून ओलं शेत, तिचे कष्ट, भाकरीची काळजी असं सगळं उभं केलं. १९६८ साली मेयर शापिरो या कला-इतिहासकाराने सांगितलं, बाई कुठली आणि शेत कुठलं, बूट चित्रकाराचे स्वतःचे आहेत. आता हायडेगरचं चुकलं असं म्हणून त्याचा तो परिच्छेद फाडून टाकावा का? मी नाही फाडणार. तुमच्या ज्येष्ठांना 'आपल्या मातीतला नाही' म्हणायचंय ना, मग हायडेगरने त्या बुटाला जी माती लावली ती चित्रात नव्हतीच, त्याने ती घरून आणली होती.

आता मोठे कवी हे कसं करतात, याचं एक उदाहरण जरा निवांत सांगते, कारण त्यात सगळी साखळी दिसते.

रोमन कवी ओव्हिड याच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या आठव्या सर्गात इकेरसची गोष्ट आहे. बाप डेडलस कारागीर. तो पिसं आणि मेण यांचे पंख करतो. मुलगा इकेरस बापाचं न ऐकता उंच जातो, सूर्याच्या उष्णतेने मेण वितळतं, तो समुद्रात पडून मरतो. ओव्हिडने या उड्डाणाला तीन साक्षीदार दिलेत: गळ टाकून बसलेला मासेमार, काठीवर रेललेला मेंढपाळ आणि नांगरावर वाकलेला शेतकरी. तिघेही वर बघतात, थक्क होतात, आकाशातून जाणारे हे देवच असणार असं त्यांना वाटतं.

दीड हजार वर्षांनी पीटर ब्रूगल नावाचा फ्लेमिश चित्रकार हीच गोष्ट चितारतो. तिघेही साक्षीदार त्याने घेतले, एकही गाळला नाही. फक्त त्यांच्या माना फिरवल्या. पुढे मोठ्ठा शेतकरी, लाल बाह्यांचा, घोड्याच्या नांगरामागे खाली बघत चाललेला. मेंढपाळ आकाशाकडे बघतोय खरा, पण तिथे कुणीच नाही आणि समुद्राकडे त्याची पाठ आहे. मासेमार गळात गुंग. आणि इकेरस? उजव्या कोपऱ्यात, जहाजाच्या पुढे, पाण्याबाहेर दोन पाय. बस.

इथे माझी एक फजिती सांगते. कॉलेजात असताना खोलीत एका कंपनीच्या कॅलेंडरचं पान टांगलं होतं, त्यावर हे चित्र होतं. छपाईत कडा कापल्या गेल्या होत्या आणि नेमका तो कोपरा गेला होता. दोन वर्षं मी ते शेतीचं चित्र म्हणून पाहत होते. नांगरटीवर एक कविताही लिहिली होती, पेरणीबिरणी घालून. पुढे एका पुस्तकात अख्खं चित्र पाहिलं, ते पाय दिसले, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी त्या शेतकऱ्यापेक्षा वेगळी कुठे होते? दोन वर्षं एक पोरगं माझ्या भिंतीवर बुडत होतं.

ब्रूगलने तिघांच्या माना का फिरवल्या? एक धागा असा सांगतात की त्या मुलखात म्हण होती, माणूस मेला म्हणून नांगर थांबत नाही. शेताच्या कडेला झुडपात एक मेलेला माणूसही त्याने दडवून ठेवलाय, नीट शोधल्याशिवाय सापडत नाही. म्हणजे ओव्हिडची गोष्ट त्याच्या गावच्या म्हणीवर जाऊन आदळली आणि तिथे काचली. ओव्हिडचे शेतकरी देव बघून थक्क होणारे. याच्या ओळखीचे शेतकरी काम सोडून वर बघणारे नव्हते.

पुढची कडी १९३८च्या डिसेंबरातली. ऑडेन हा इंग्रज कवी ब्रसेल्समध्ये होता, तिथल्या संग्रहालयात त्याने हे चित्र पाहिलं. युरोपच्या दारात युद्ध उभं होतं. त्याने जी कविता लिहिली तिच्यात इकेरस अगदी शेवटी येतो. आधी तो जुन्या चित्रकारांविषयी बोलतो: कुणी दुःख भोगत असताना दुसरा कुणी जेवत असतो, खिडकी उघडत असतो, उगाच चालत असतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. मग शेतकऱ्याने पाण्याचा आवाज ऐकलाही असेल, पण त्याच्या दृष्टीने ते काही मोठं अपयश नव्हतं. आणि त्या देखण्या जहाजाने काहीतरी विलक्षण नक्कीच पाहिलं असेल, पण त्याला कुठेतरी पोचायचं होतं, ते शांतपणे निघून गेलं. जहाज ब्रूगलचं, घाई मात्र ऑडेनच्या काळाची आहे. १९३८ साली कोण कुणाकडे बघून पुढे गेलं होतं, हे त्याला वेगळं लिहावं लागलं नाही.

आणि मग अमेरिकेत विल्यम कार्लोस विल्यम्स. पेशाने डॉक्टर, आयुष्यभर बाळंतपणं केलेला माणूस. १९६२ साली त्याचा ब्रूगलच्या चित्रांवरच्या कवितांचा संग्रह आला, त्यात हीच गोष्ट पुन्हा आहे. ऑडेनसारखं चिंतन नाही, विरामचिन्हंसुद्धा नाहीत. वसंत होता, शेतकरी नांगरत होता, किनाऱ्यापासून थोडं दूर कुणाच्या लक्षात न आलेला एक आवाज झाला, तो इकेरस बुडत होता. संपलं. रोज जन्म-मरण पाहिलेल्या डॉक्टरने केसपेपरवर लिहावं तसं.

गंमत पुढेच आहे. ब्रसेल्समधला तो कॅनव्हास ब्रूगलच्या हातचा नसावा, हरवलेल्या मूळ चित्राची ती जुनी नक्कल असावी, असं आता बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे ज्यावरून इतक्या कविता झाल्या तेच उसनं. तुमच्या कट्ट्यावर हे जरूर सांगा.

मूळ वस्तू नीट पाहिलेली असली पाहिजे, हा आग्रहही मी आता सोडलाय. शेली या इंग्रज कवीच्या 'ओझिमँडियस'मध्ये वाळवंटात पडलेला राजाचा भग्न पुतळा आहे. ती कविता जानेवारी १८१८मध्ये छापून आली, तेव्हा इजिप्तहून निघालेलं दुसऱ्या रामसेसचं प्रसिद्ध शिर लंडनच्या संग्रहालयात पोचलंही नव्हतं. पुतळ्यावरचा लेख त्याला मिळाला एका प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथात. मित्राशी पैज लावावी तसं दोघांनी एकाच विषयावर एकेक सुनीत लिहिलं होतं. मित्राचं आज कोणी वाचत नाही. कीट्स या इंग्रज कवीला ग्रीक येत नव्हतं. त्याने चॅपमनने इंग्रजीत आणलेला होमर १८१६च्या ऑक्टोबरात एका रात्री मित्राबरोबर वाचला आणि सकाळपर्यंत सुनीत तयार. त्यात पॅसिफिक समुद्र पहिल्यांदा पाहणारा म्हणून त्याने कोर्तेसचं नाव घातलं, तो होता बाल्बोआ. चूक तशीच राहिली, दोनशे वर्षं मुलं ती पाठ करतायत. चुकीचं समर्थन करत नाही मी. आपल्या संपादकांनी आम्हाला एवढी सूट कधीच दिली नसती.

चित्राचं झालं. आता कवितेवरून कविता.

चौदाव्या शतकात इराणातल्या शिराझमध्ये हाफिज हा फारसी कवी. १८१२-१३ साली व्हिएन्नाच्या योझेफ फॉन हामर या प्राच्यविद्यापंडिताने त्याचा दिवाण, म्हणजे कवितासंग्रह, जर्मनमध्ये आणला. अनुवाद पंडिती, रसिकांनी पुढे त्याला नावंच ठेवली. पण १८१४ साली तो वायमारला राहणाऱ्या जर्मन कवी गटेच्या हातात पडला. गटे तेव्हा साठी ओलांडलेला, युरोपात नेपोलियनच्या युद्धांनी राख झालेली. म्हाताऱ्याला अचानक शिराझमध्ये समवयस्क मित्र भेटला. १८१९मध्ये त्याचा 'पश्चिम-पूर्वेचा दिवाण' निघाला. त्यात गटेने गझलेचा काटेकोर साचा फारसा घेतला नाही. हाफिजचं फटकळपण घेतलं, प्याला घेतला, धर्ममार्तंडांची थट्टा घेतली. साचा पुढे रुकर्ट, प्लाटेन या कवींनी जर्मनमध्ये बसवला. कोण काय उचलतो, हे ज्याच्या त्याच्या भुकेवर असतं.

या दिवाणात काही कविता मारियाने फॉन विलेमर या स्त्रीच्या आहेत. गटेशी तिचं काव्यातून सवाल-जवाबासारखं चाललं होतं. पुस्तकावर नाव एकट्या गटेचं. ती १८६०मध्ये वारली, त्यानंतर काही वर्षांनी हे उघड झालं. उसनवारी आणि चोरी यांतला फरक मला कोणी विचारला की मी हाफिज बाजूला ठेवते आणि मारियानेचं नाव घेते. हाफिजचं ऋण गटेने चारचौघांत, पानोपानी मान्य केलंय. तिचं केलेलं नाही.

शंभर वर्षांनी लाहोरहून कवी इक्बालने गटेला उत्तर दिलं. १९२३चा 'पयाम-ए-मश्रिक', पूर्वेचा संदेश, तोही फारसीत. म्हणजे पत्र शिराझहून निघालं, व्हिएन्नामार्गे वायमारला पोचलं, आणि उत्तर पंजाबातून आलं, मूळ पत्राच्या भाषेत.

मराठीत हीच वाट माधव जूलियन यांनी चालून दाखवली. फारसीचे प्राध्यापक, फारसी-मराठी कोश त्यांनी १९२५ साली केला, खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या आणि १९३३मध्ये 'गज्जलांजलि' काढली. वृत्तं त्यांनी बसवली. पण गझल मराठीत घरची व्हायला सुरेश भट यावे लागले. यामागे व्याकरणाची एक अडचण आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सांगते.

उर्दूत 'दिल में', 'महफ़िल में', 'मंज़िल में' असं येतं. 'में' सुटा उभा आहे, म्हणून तो रदीफ होतो, म्हणजे शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द, आणि त्याच्या आधीचे दिल, महफ़िल, मंज़िल हे काफिये, म्हणजे यमकं. दोन वेगळ्या कड्या, दोन वेगळे ठोके. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो: मनात, वनात, रणात. काफिया आणि रदीफ एकमेकांत वितळून जातात, दुसरा ठोका पडतच नाही. उलट असली यमकं ढिगाने मिळतात, त्यामुळे कान लवकर विटतो. म्हणून मराठी गझल रदीफ शोधायला वाक्याच्या टोकाला गेली, क्रियापदाकडे: आहे, नाही, होते, गेले. आता बघा, 'में' हे नुसतं ठिकाण सांगतं. 'होते' म्हटलं की ते सरलेलं असतं, 'नाही' म्हटलं की ते नसतंच. मराठी गझलेत तक्रारीचा, हिशेब चुकता करण्याचा जो सूर सारखा ऐकू येतो त्याला भटांचा पिंड कारण आहेच, पण हे वाक्याच्या टोकाचं क्रियापदही थोडंफार कारण असावं असं मला वाटतं. भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून नव्या पोरांना तंत्र घोटवून घेतलं, ते उगाच नाही. सदरा कुठे काचतो हे त्यांना शिंप्यासारखं माहीत होतं.

हायकूचंही तसंच. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. जपानी हायकूला यमक नसतं, मराठी हायकूत दोन ओळी बऱ्याचदा जुळतात, कारण जुळल्याशिवाय आपल्या कानाला तो सुविचार वाटतो, कविता वाटत नाही. पण खरी मजा ऋतूची. जपानी कवी बाशोचा १६८६चा तो बेडूक सगळ्यांना माहीत असतो: जुनं तळं, बेडूक उडी मारतो, पाण्याचा आवाज. जपानी परंपरेत बेडूक हा वसंताचा शब्द. आणि जुने कवी त्याच्या ओरडण्याचं कौतुक करायचे. बाशोने ओरडणं काढून टाकलं, नुसती उडी ठेवली, इथे तोच स्वतःच्या परंपरेला काचला. आता हे मराठीत आणा. 'बेडूक' म्हटल्याबरोबर आपल्याकडे पाऊस सुरू होतो. डराव डराव ऐकू येतं, शाळेला सुट्टी मिळते, गटार तुंबतं. तळं जुनं राहतच नाही, नव्या पाण्याने भरतं. एका शिबिरात मी या तीन ओळी मराठीत करायला दिल्या होत्या, तेव्हा कोकणातल्या एका मुलाने बेडूक काढला आणि विहिरीत पडलेला नारळ घातला. सगळे हसले. मला विचाराल तर त्या दिवशी बाशोच्या सर्वांत जवळ तोच होता.

तुमच्या ज्येष्ठांच्या 'आपल्या माती'कडे वळते. अजिंठ्याइतकी आपली माती कुठली? तर तिथल्या चित्रांत जो निळा आहे तो अफगाणिस्तानातल्या खाणींतून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. भिंतीवरचा गिलावा मात्र खरोखर मातीचा, भाताचं तूस आणि गवताच्या काड्या घालून मळलेला. पहिल्या लेण्यात अंधार असतो, बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रावर मंद उजेड सोडलेला, मागे सहलीच्या पोरांचा गलका आणि 'पुढे सरका' असं सांगणारा रखवालदार. पंधराएक वर्षांपूर्वी वीस जणांना घेऊन गेले होते. परत येऊन लिहायला बसवलं. बहुतेकांनी त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांवर लिहिलं. करुणा, शांती, कमळ. एकालाही दोष देत नाही, ते डोळे आहेतच तसे. पण एक शेतकरी घरातली बाई होती, तिने पद्मपाणीचं नावही घेतलं नाही. तिने गिलावा निखळला होता तिथे काडी पाहिली होती. हे तूस कुणाच्या खळ्यातलं, आणि देणाऱ्याला विचारलं होतं का, एवढंच तिने लिहिलं. चार ओळी.

याच लेण्यांवरून मराठीत एक मोठी कविता झाली, तिची कुळकथा तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर आहे. १८४४मध्ये मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल हा अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकमावरून अजिंठ्याला आला, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला. वर्षानुवर्षं तो तिथे राबला, मोठमोठे कॅनव्हास रंगवून लंडनला पाठवत राहिला. तिथे ते क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. डिसेंबर १८६६मध्ये आग लागली आणि थोडे सोडले तर सगळे जळाले. पुढे जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. दोनदा नक्कल, दोनदा राख. गिलची एक प्रेयसी होती, पारो, इथलीच. ती १८५६मध्ये वारली, अजिंठा गावात तिची कबर आहे. गिल १८७९मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला.

ना. धों. महानोर अजिंठ्याच्या जवळच्या पळसखेड्याचे. शेती करणारा कवी, लेणी म्हणजे त्यांना शेजार. त्यांनी १९८४मध्ये 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं. त्यांच्या घराजवळ दीड हजार वर्षांची बौद्ध चित्रं होती, त्यावर स्तोत्र लिहिता आलं असतं. त्यांनी लिहिलं गिल आणि पारोवर. एक परका माणूस आपल्या भिंतीवरची चित्रं उतरवायला येतो, ती तर जळून जातात, आणि उरते एक कबर. आता सांगा, ही कविता कुठल्या मातीतली? जातककथा उत्तरेकडच्या, निळा अफगाणी, नक्कल करणारा इंग्रज, आग लंडनची, शब्द खानदेशी रानातले.

अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'चं नाव घेऊन हा मुद्दा सोडते. जे. जे.त शिकलेला, जाहिरातींत आयुष्य काढलेला हा कवी. २००३मध्ये आलेल्या या वहीत हायपेशिया, कॅसांड्रा, इसिस, राबिया, नादेझ्दा अशा जगभरच्या, पुराणांतल्या आणि इतिहासातल्या बाया आहेत, आणि त्यांचे अश्रू अस्सल मराठीत वाहतात. ही उसनी कविता आहे, असं कोणी कोलटकरांना कट्ट्यावर सांगितलं असतं का, याची मला भारी उत्सुकता आहे.

सगळं परदेशातूनच यावं असंही नाही. विंदांनी बाईच्या दिवसभराच्या राबण्याला 'झपताल' नाव दिलं. दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन. तबला शिकलेल्या माणसाने ती कविता मोठ्याने वाचून बघावी. ताल कसा आहे हे त्यांनी सांगितलेलं नाही, पण बाईला एका समेवरून दुसऱ्या समेपर्यंत उसंत नाही हे कळतं.

आता कामाचं. चित्रावरून लिहायला बसाल तेव्हा पहिला खर्डा वर्णनाचाच होतो, माझाही होतो. तो होऊ द्या, आणि मग कागद उलटा ठेवून दुसऱ्या कागदावर लिहा की चित्रात काय नाही. वास नाही, आवाज नाही, चौकटीच्या बाहेर कोण उभं आहे, चित्रकार कुठल्या बाजूला बसलाय. आपल्याकडे ही वस्तू कशी असते, तिला काय म्हणतात. बहुतेक वेळा कविता या दुसऱ्या कागदावर असते. परक्या कवितेवरून लिहिणार असाल तर आधी तिचा प्रामाणिक अनुवाद करा, छापण्यासाठी नाही, हात अडकावा म्हणून. ज्या शब्दापाशी तासभर अडकाल तो शब्द वेगळा काढून ठेवा.

शीर्षकाखाली बारीक अक्षरात 'व्हॅन गॉगच्या एका चित्रावरून' असं जरूर लिहा. कोणी विचारेल म्हणून नव्हे, वाचकाला चित्र शोधता यावं म्हणून. कायद्याचं थोडक्यात: चित्र पाहून स्वतंत्र कविता लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. अनुवाद छापायचा तर मात्र लागते, कारण आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं अनुवादाचा हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा. व्हॅन गॉग १८९०मध्ये गेला, त्याच्या चित्राचा फोटो कवितेशेजारी छापायलाही आता अडचण नाही.

तुमच्या कवितेबद्दल शेवटची एक गोष्ट. चौदा ओळींत तुम्ही दोनदा 'लेस' लिहिलंय, आपण बोलताना म्हणतो तसं. पंधराव्या ओळीत अचानक 'नाडी' लिहिलंत. मुद्दाम लिहिलंत की हातून गेलं, ठाऊक नाही. पण मराठीत नाडी वैद्यही बघतो. बाबांच्या चपलेला नाडी नव्हती, या ओळीत बाबा जिवंत आहेत की नाहीत हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही, आणि तरी मी ती वाचून थांबले. व्हॅन गॉगच्या भाषेत हे दोन अर्थ एका शब्दात बसत नाहीत. वरच्या चौदापैकी तीन-चार ओळी ठेवा, बाकीच्या काढा, आणि लेस वर तशीच राहू दे. कट्ट्यावर कुणी म्हणेल की एकच शब्द सगळीकडे करा. करू नका.